गेमपॅडवर भूप: व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरवर खरंखुरं संगीत कसं वाजवायचं

घरात पडून असलेला गेमपॅड लॅपटॉपला जोडून त्यावर राग वाजवता येतो. बटण दाबलं की आधीच भरून ठेवलेली धून सुरू होते, तसला प्रकार मी म्हणत नाहीये. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) घेता येते, आवाज लहान-मोठा करता येतो, पलटे (सुरांचे ठरावीक क्रम) घोटता येतात आणि व्यवस्थित बेसूरही होता येतं.

याची माहिती शोधायला गेलात तर भरपूर सापडेल, पण सगळी विखुरलेली. एक जण मॅकवर, दुसरा लिनक्सवर, तिसऱ्याचं सॉफ्टवेअर कधीच बंद पडलेलं, आणि सगळे बोलतात पियानोच्या भाषेत. सा कुठे धरायचा, मींड कोणत्या कांडीवर बसवायची, याबद्दल कोणी काही सांगत नाही. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि हौसेनं पेटी वाजवतो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं जुळवता आलं. विंडोजचा लॅपटॉप, वायरचा साधा गेमपॅड आणि राग भूप एवढंच धरून पुढचं लिहिलंय. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे सांगितलंय.

सामानाची यादी

• वायरचा यूएसबी गेमपॅड, दोन कांड्या (स्टिक) आणि मागे दाबाप्रमाणे आकडा देणारे दोन ट्रिगर असलेला
• विंडोज लॅपटॉप. फार ताकदीचा नको, ८ जीबी रॅम असली तरी पुष्कळ.
• वायरचा हेडफोन. ब्लूटूथ नको, कारण पुढे येईल.
• लूपमिडी: आभासी मिडी वायर, फुकट
• सर्ज एक्सटी किंवा व्हायटल: सिंथेसायझर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज तयार करणारा प्रोग्रॅम. सर्ज पूर्ण फुकट, व्हायटलची मूळ आवृत्ती फुकट.
• एसिओफोरऑल: साउंडचा ड्रायव्हर, फुकट
• पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि त्यात पायगेम, मिडो, पायथन-आरटीमिडी ही तीन पॅकेजेस
• मोबाइलवर कोणतंही तानपुऱ्याचं अ‍ॅप
• मिक्सरला जोडायचं असेल तर एक केबल (शेवटच्या पायरीत)

१. आधी साखळी समजून घ्या

गेमपॅडमधून स्वतःचा काहीच आवाज येत नाही. तो फक्त सांगतो: तीन नंबरचं बटण दाबलं, डावी कांडी इतकी वर गेली. हे बोलणं मिडीच्या भाषेत आणायचं आणि सिंथेसायझरला पाठवायचं, एवढाच खेळ आहे. मिडी हा १९८३ पासूनचा करार आहे, वाद्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा. त्यात प्रत्येक सुराला ० ते १२७ मधला एक आकडा असतो. पेटीची मधली पांढरी १ म्हणजे ६०, तिच्या शेजारची काळी १ म्हणजे ६१. सूर सुरू करायचा निरोप वेगळा, थांबवायचा वेगळा. सूर ताणायचा निरोप (पिच बेंड) वेगळा आणि आवाजाच्या चढउताराचाही वेगळा.

म्हणजे साखळी अशी: गेमपॅड, दुभाषा प्रोग्रॅम, आभासी मिडी वायर, सिंथेसायझर, हेडफोन. काही वाजत नसेल तर या पाचांपैकी नेमकी कोणती कडी तुटलीय ते एकेक करून बघायचं. सगळं एकदम उचकटायला गेलात तर रात्र जाते.

२. गेमपॅड घ्या, पण पैसे देण्याआधी तपासा

घरात असेल तर नवा घेऊ नका. नसेल तर हजार-दीड हजाराच्या आसपासचा वायरचा गेमपॅड पुरतो. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली यासाठी सोयीची, कारण केबल, कन्व्हर्टर, पिना सगळं एकाच फेरीत मिळतं. गाडी नेऊ नका. मेट्रोनं मंडईला किंवा कसबा पेठेला उतरून चालत जा, पार्किंग शोधण्यात जाणारा वेळ वाचेल. जुन्या वस्तूंत हात घालायची आवड असेल तर बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे. तिथे गेमपॅड स्वस्त मिळतात, मात्र तपासल्याशिवाय अजिबात घेऊ नका.

तपासायला लॅपटॉप न्यायची गरज नाही. खिशात एक ओटीजी पिन (मोबाइलला यूएसबी जोडायची) ठेवा, गेमपॅड मोबाइलला लावा आणि ब्राउझरमध्ये गेमपॅड टेस्टरचं कुठलंही पान उघडा. बघायचं ते हे:

• दोन्ही कांड्या सोडून दिल्यावर आकडे शून्याच्या आसपास थांबतात का? ०.०५ इकडेतिकडे चालेल. ०.३ ला जाऊन बसत असेल तर ती कांडी गेली. गेम खेळणारा तेवढ्यावर भागवून नेईल, पण तुमची मींड कायम चढी राहील.
• मागचे ट्रिगर हळू दाबल्यावर आकडा हळू वाढतो का? काही स्वस्त गेमपॅडचे ट्रिगर म्हणजे नुसती बटणं असतात, एकदम शून्यावरून एक. ते आपल्या कामाचे नाहीत.
• दोन ट्रिगर एकत्र दाबा. दोन्हींचे आकडे वेगवेगळे दिसले पाहिजेत.

हा तिसरा मुद्दा नवख्यांना हमखास दगा देतो. बऱ्याच गेमपॅडमध्ये दोन मोड असतात, एक्स-इनपुट आणि डी-इनपुट. एक्सबॉक्सच्या पद्धतीचा गेमपॅड विंडोजच्या जुन्या डी-इनपुट रस्त्यानं वाचला तर दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर येतात, एक अधिक आणि दुसरा उणे. दोन्ही दाबले की बेरीज शून्य. आपण डाव्या ट्रिगरवर तार (वरचं) सप्तक आणि उजव्यावर आवाजाचा भाता, म्हणजे आवाज लहान-मोठा करणं, बसवणार आहोत, म्हणजे तार सप्तकात गेलात की आवाज गुल! गेमपॅडवर मोड बदलायचं बटण किंवा खटका असेल तर तो एक्स-इनपुटवर ठेवा.

दुकानात काय करायचंय ते सांगायला लाजू नका. "काका, गेमला नकोय, गाणं वाजवायचंय" म्हटल्यावर समोरून "मग पेटीच घ्या ना" असं उत्तर येईल. येऊ द्या. तपासू मात्र देतात.

३. आवाजाची बाजू आधी उभी करा

बहुतेक जण इथे उलटा क्रम लावतात: आधी गेमपॅडचा कोड, मग सिंथेसायझर. तसं केलंत तर आवाज आला नाही की दोष कुठे ते कळत नाही. म्हणून आधी सर्ज एक्सटी बसवा. ते स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणूनही चालतं, वेगळं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर लागत नाही. माउसनं त्याच्या पडद्यावरच्या पट्ट्या दाबून सूर येतोय याची खात्री करा.

मग उशीर कमी करा. बटण दाबल्यापासून सूर कानावर पडेपर्यंतचा वेळ, त्याला लेटन्सी म्हणतात. ऑडिओ सेटिंगमध्ये एसिओफोरऑल दिसत असेल तर ते निवडा, नसेल तर विंडोज ऑडिओचा एक्सक्लुझिव्ह मोड, आणि बफर (एका वेळी पाठवायचा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर आणा. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरले तर १२८ म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंद, आणि १०२४ म्हणजे २३. तेवीस मिलिसेकंद कागदावर किरकोळ वाटतात, पण द्रुत लयीत हात आणि कान यांची फारकत करायला तेवढे पुरतात. १२८ वर आवाज तडतडला तर २५६ करा.

ब्लूटूथ हेडफोनचा उशीर यापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि कुठल्याही सेटिंगनं तो जात नाही. गेमपॅड ब्लूटूथचा असला तर एक वेळ चालतं, हेडफोन नाही.

आता एक साधा आवाज निवडा. बासरीसारखा किंवा पेटीच्या जवळचा, सुरुवातीला तुटक न वाटणारा आणि शेवटी फार न रेंगाळणारा. प्ले मोड "मोनो" करा, म्हणजे एका वेळी एकच सूर. रागसंगीतासाठी हेच हवंय, आणि पुढची मींडही यावर अवलंबून आहे. इथेच पिच बेंडची मर्यादा वर ३ आणि खाली ३ स्वरांतरं अशी लावून ठेवा (पेटीच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत, काळ्या धरून, एक स्वरांतर). ती मूळ सेटिंगमध्ये साधारणपणे २ असते. ३ का, ते सातव्या पायरीत कळेल.

४. आभासी मिडी वायर

एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात मिडी न्यायला विंडोजवर लूपमिडी लागतं. उघडा, अधिकचं चिन्ह दाबा, पोर्टला नाव द्या, झालं. सर्ज एक्सटीच्या मिडी सेटिंगमध्ये जाऊन त्याच नावाच्या इनपुटवर टिक करा. हे टिक करायला विसरणं हा "काहीच वाजत नाही"चा सगळ्यात सामान्य प्रकार.

मॅकवर वेगळं काही बसवावं लागत नाही. ऑडिओ मिडी सेटअपमध्ये आयएसी ड्रायव्हर असतो, तो ऑनलाइन करायचा. लिनक्सवर दुभाषा प्रोग्रॅम स्वतःच आभासी पोर्ट उघडू शकतो.

कोड नकोच वाटत असेल तर एक पळवाट आहे. जॉयटूकी नावाचा प्रोग्रॅम गेमपॅडच्या बटणांना कीबोर्डची अक्षरं बनवतो, आणि एलएमएमएससारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डच्या अक्षरांनी सूर वाजतात. अर्ध्या तासात सा रे ग वाजेल. मींड नाही, भाता नाही, पण हा नाद आपल्याला झेपणार का हे बघायला एवढं पुरे.

५. दुभाषा प्रोग्रॅम

पायथन बसवताना पहिल्याच पडद्यावर "अ‍ॅड टू पाथ"ची चौकट असते, तिच्यावर टिक करा. आणि अगदी ताजी आवृत्ती घेऊ नका, एखादी मागची घ्या. नव्या आवृत्तीसाठी आरटीमिडीची तयार फाइल कधी कधी आलेली नसते, मग ती तुमच्याच लॅपटॉपवर बांधायला बघते आणि लालभडक चुकांचा पाऊस पडतो.

प्रोग्रॅम लहान असतो, शंभर-सव्वाशे ओळींचा. पायगेम गेमपॅड वाचतं, मिडो मिडी पाठवतं. आधी नुसता एवढाच तुकडा लिहा: कोणतंही बटण दाबलं की त्याचा नंबर पडद्यावर दिसावा, कोणतीही कांडी हलली की तिचा आकडा दिसावा. मग वही घ्या आणि प्रत्येक बटणाचा नंबर लिहून काढा. हे नंबर गेमपॅडप्रमाणे बदलतात. दुसऱ्याच्या कोडमधले नंबर तसेच उचललेत तर सा च्या जागी मेन्यू उघडेल.

पायगेमच्या तीन खोड्या आधीच सांगतो.

पहिली, कांडी वर केली की आकडा उणे होतो. −१ म्हणजे पूर्ण वर. चिन्ह उलटवा, नाहीतर मींड उलटी.

दुसरी, ट्रिगर मोकळा असताना आकडा ० ऐवजी −१ असतो आणि पूर्ण दाबल्यावर १ होतो. त्यात १ मिळवा, २ नं भागा, १२७ नं गुणा. मिडीचा आकडा मिळाला.

तिसरी जास्त छळते. तुम्ही सिंथेसायझरच्या खिडकीवर क्लिक केलंत की पायगेमची खिडकी मागे जाते आणि गेमपॅड मुका होतो. वायर हलवून बघता, पुन्हा जोडता, काही नाही. खिडकी मागे असतानाही जॉयस्टिक वाचायला परवानगी देणारं सेटिंग पायगेम २ मध्ये आहे, त्याच्या नावात "बॅकग्राउंड इव्हेंट्स" हे शब्द आहेत. ते पायगेम सुरू होण्याच्या आधीच्या ओळीत १ करा.

शिवाय गेमच्या नमुना कोडमधून "सेकंदाला ६० वेळा" ही ओळ हमखास उचलली जाते. त्यानं गेमपॅड दर १७ मिलिसेकंदांनी एकदाच वाचला जातो, आणि तिसऱ्या पायरीत कमावलेलं सगळं इथे घालवता. ६० च्या जागी ५०० करा.

एक्सबॉक्सचं मधलं बटण विंडोजचा गेम बार उघडतं, तो बंद करून टाका. स्टीम हे गेमचं सॉफ्टवेअर चालू असेल तर तेही बंद करा, ते गेमपॅडला माउस बनवून बसतं.

६. सा धरा, बटणं लावा

बहुतेक पुरुष गायक काळी १ च्या आसपास गातात, बायकांचा सा साधारण काळी ४-५ चा. ज्यांच्याबरोबर वाजवणार त्यांचा सा धरा. एकट्यानं वाजवायचं तर काळी १, म्हणजे ६१. प्रोग्रॅममध्ये सा चा आकडा एकाच जागी लिहा आणि बाकीचे सूर त्याच्यापासूनच्या अंतरानं: सा ०, रे २, ग ४, प ७, ध ९. सा बदलला की सगळं आपोआप सरकेल.

सुरुवातीला सातही सूर लावायचा मोह होतो. करू नका. गेमपॅडला जमतील तेवढे पाच सूर घ्या, आणि त्यासाठी भूपासारखा दुसरा राग नाही. पुढे दुर्गा (०, २, ५, ७, ९) आणि मालकंस (०, ३, ५, ८, १०) याच बटणांवर बसतात. मालकंसाला तानपुऱ्यावर पंचमाऐवजी मध्यम लावायला विसरू नका.

बटणं लावताना एक गोष्ट बघा: अंगठे दोनच आहेत. डाव्या अंगठ्यानं मींडेची कांडी धरायची तर तोच अंगठा शेजारच्या चार दिशांच्या बटणांवर सूर वाजवू शकत नाही. म्हणून माझी मांडणी अशी आहे:

• उजवीकडची चार बटणं: खालचं सा, उजवं रे, वरचं ग, डावं प
• डावं खांद्याचं बटण: ध
• डावा ट्रिगर अर्ध्याच्या पुढे दाबलेला: तार सप्तक (१२ मिळवा)
• उजवं खांद्याचं बटण धरून ठेवलेलं: मंद्र, म्हणजे खालचं, सप्तक (१२ वजा)
• उजवा ट्रिगर: भाता
• डावी कांडी: मींड
• स्टार्ट बटण: सगळं गप्प

उजवीकडे तर्जनी खांद्यावर आणि मधलं बोट ट्रिगरवर ठेवा. पहिले काही दिवस हात आखडेल. ही मांडणी पटली नाही तर बदला, पण एकदा ठरली की महिनाभर हात लावू नका. कोड लिहिणाऱ्या माणसाला रोज मांडणी सुधारायची खाज सुटते आणि बोटांना काहीच पाठ होत नाही.

७. मींड

या सगळ्या उद्योगात वेळ घालवायचा तर इथे घालवा. पेटीवर जे जमत नाही ते हजार रुपयांच्या गेमपॅडवर जमतं, हे पेटीवाल्याला जरा झोंबणारं आहे, पण आहे.

कांडी पूर्ण वर म्हणजे रागातला पुढचा सूर, पूर्ण खाली म्हणजे मागचा सूर, असं बांधा. "कांडी वर म्हणजे दोन स्वरांतरं" असं सरसकट ठेवलंत तर ग वरून निघालेली मींड प ला पोचणारच नाही, तीव्र मध्यमावर जाऊन लटकेल. भूपात सा-रे, रे-ग, प-ध ही अंतरं २ ची आणि ग-प, ध-सां (सां म्हणजे तार सप्तकातला सा) ही ३ ची. म्हणून सिंथेसायझरमध्ये मर्यादा ३ लावली. मिडोमध्ये पिच बेंडचा आकडा −८१९२ ते ८१९१ असतो. मर्यादा ३ असताना ३ स्वरांतरांची मींड म्हणजे पूर्ण ८१९१ आणि २ ची म्हणजे ५४६१. वाजत असलेला सूर कोणता, त्याचा शेजारी किती लांब, हे प्रोग्रॅमनं बघायचं आणि कांडीचा आकडा त्यानुसार गुणायचा.

कांडी मध्यावर कधीच नेमकी शून्य नसते, म्हणून ०.१ च्या आतलं सगळं शून्य धरा. पण ०.१ ओलांडताच सूर एकदम उडी मारेल. ती टाळायला ०.१ ते १ ही पट्टी पुन्हा ० ते १ अशी ताणून घ्या.

आता खरा पेच. ग वरून मींड घेत प ला पोचलात, कांडी वरच आहे, आणि तुम्ही प चं बटण दाबलंत. प्रोग्रॅमला वाटतं प वाजतोय आणि कांडी वर आहे, म्हणजे ध हवाय. सूर ध ला जाऊन आदळतो. बोट आणि कांडी एकाच क्षणी जुळवणं माणसाच्या हाताचं काम नाही. उपाय: नवा सूर सुरू झाला की कांडी एकदा मध्यावर येईपर्यंत तिच्याकडे दुर्लक्ष करायचं. प्रोग्रॅममध्ये एक खूण ठेवली की दोन-तीन ओळींत होतं, आणि मींड अचानक गळ्यातून आल्यासारखी वाटायला लागते.

८. भाता

बटण हळू दाबलं की जोरात, गेमपॅडला कळत नाही. प्लेस्टेशन २ च्या कंट्रोलरची बटणं दाब ओळखायची, पण यूएसबीचे स्वस्त कन्व्हर्टर तो दाब बहुतेक वेळा पुढे पोचवतच नाहीत, तेव्हा त्यांच्या मागे लागू नका. सगळ्या सुरांचा जोर सरळ १०० ठेवा आणि आवाजाचं सगळं काम उजव्या ट्रिगरला द्या. मिडीतला ११ नंबरचा कंट्रोल, एक्स्प्रेशन, त्याला जोडा. पेटीवाल्यांना हे लगेच जमतं: एक हात सुरांवर, एक भात्यावर, फक्त इथे भाता एका बोटाचा.

ट्रिगर पूर्ण मोकळा म्हणजे पूर्ण शांतता, असं ठेवलंत तर बोट सतत ताणलेलं राहतं. मोकळा असताना ४०, पूर्ण दाबल्यावर १२७ असं ठेवा. आणि आकडा बदलला असेल तरच पाठवा, नाहीतर सेकंदाला शेकडो निरुपयोगी निरोप जातात.

९. अडकलेले सूर

प वाजतोय, बटण सोडलं, तरी प वाजतच राहिला. हे प्रत्येकाला भेटतं. कारण बहुतेक वेळा असं: मध्य सप्तकातला प (६८) दाबला, तो धरलेला असतानाच तार सप्तकाचा ट्रिगर दाबला, मग प सोडला. प्रोग्रॅमनं सोडताना पुन्हा हिशेब केला आणि ८० ला थांबवायचा निरोप पाठवला. ८० वाजतच नव्हता, आणि ६८ ला कोणी थांबवलंच नाही.

म्हणून बटण दाबताना जो आकडा पाठवला तो त्या बटणाच्या नावावर लिहून ठेवा, आणि सोडताना तोच थांबवा. नव्यानं हिशेब नको. तरीही सुटकेचा मार्ग हवा म्हणून स्टार्ट बटणावर १२३ नंबरचा कंट्रोल ठेवा. त्यानं सगळे सूर थांबतात.

१०. गांधार उतरवायचा का?

ऐच्छिक आहे, पण तानपुऱ्याबरोबर वाजवणाऱ्यानं जरूर करून बघावं. सिंथेसायझरचा शुद्ध गांधार सा पासून ४०० सेंटवर असतो (एका स्वरांतराचे १०० सेंट). तानपुऱ्यातून ऐकू येणारा गांधार ३८६ च्या आसपास. चौदा सेंटचा फरक लांब धरलेल्या ग मध्ये स्पष्ट कळतो. पेटीवर हाच आक्षेप होता. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती, त्यामागच्या कारणांत हेही एक. पेटीवाल्याला तिथे काही करता येत नाही. आपल्याला येतं: ग वाजताना पिच बेंडमध्ये कायम ३८२ वजा करा. मर्यादा ३ स्वरांतरांची, म्हणजे ३०० सेंटला ८१९२, त्यावरून १४ सेंटला ३८२. मोनो आवाज असल्यामुळे दुसऱ्या कुठल्या सुराला धक्का लागत नाही. प ला पोचणारी मींड मात्र तेवढी जास्त ताणायला लागेल, आणि मर्यादा ३ असल्यानं ती अपुरी पडेल. हे करणार असाल तर मर्यादा ४ करा आणि सगळे आकडे पाऊणपट.

११. रियाज

तानपुरा लावा, लय ६० वर ठेवा, आणि पहिला आठवडा मींड न घेता नुसते पलटे: सारेग, रेगप, गपध, पधसां, आणि तसेच उलटे. सां ला डावा ट्रिगर येतो, आणि प-ध-सां मध्ये डाव्या हाताची दोन बोटं एकामागून एक लागतात. अडखळायची जागा हीच. तेवढाच तुकडा वेगळा घोटा.

मग मींड. ग-प आणि ध-सां ह्या दोनच. कांडी झटकन वर नेली की कार्टूनमधल्यासारखा आवाज येतो. हळू न्या आणि पोचल्यावर थांबा.

भूप वाजवतोय असं वाटत असताना देशकार हा दुसराच राग वाजत नाहीये ना, हेही बघा. दोन्हींचे सूर तेच पाच. भूपाचा वादी (मुख्य सूर) गंधार, देशकाराचा धैवत, आणि देशकार वरच्या अंगाला जास्त राहतो. ध चं बटण डाव्या तर्जनीखाली आयतं असल्यामुळे बोट सारखं तिकडेच धावतं. त्यामुळे कोणा जाणत्याला एकदा ऐकवा. पुण्यात त्यांची वाण नाही, आणि ते गेमपॅडबद्दल नंतर बोलतील, आधी ध बद्दल बोलतील.

१२. गिटारचा कंट्रोलर हाती लागला तर

गिटार हीरो या गेमची प्लॅस्टिकची गिटार जुन्या सामानात क्वचित दिसते. दिसली तर सोडू नका. मानेवर पाच बटणं: हिरवं, लाल, पिवळं, निळं, केशरी. सा, रे, ग, प, ध. भूपासाठीच केल्यासारखी! तारेच्या जागची पट्टी खाली मारली की मध्य सप्तक, वर मारली की तार. व्हॅमीची दांडी (सूर ताणायची, गिटारच्या अंगावरची) मींडेला. ती एकाच दिशेला जाते, म्हणून फक्त चढती मींड मिळते.

घेताना मात्र बघा की ती कोणत्या यंत्राची आहे. एक्सबॉक्स ३६० ची बिनवायरची गिटार ब्लूटूथवर चालत नाही, तिचा वेगळा रिसीव्हर लागतो. प्लेस्टेशन ३ च्या गिटारबरोबर तिचा स्वतःचा छोटा यूएसबी डोंगल यायचा. तो हरवला असेल तर ती गिटार भिंतीवर लावायच्या कामाची.

१३. सोसायटीच्या मिक्सरला जोडताना

गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात वाजवायचं ठरलं तर केबल आधी आणा. लॅपटॉपची बारीक पिन म्हणजे दुकानातल्या भाषेत ईपी, मिक्सरची जाड पिन म्हणजे पी-३८. "ईपी टू डबल पी-३८ मोनो" मागा, तीन मीटरची. स्टीरिओची एकच जाड पिन मिक्सरच्या एका चॅनेलला लावलीत तर काही मिक्सरमध्ये डावी-उजवी बाजू एकमेकांना खाऊन टाकतात आणि आवाज पोकळ येतो.

घूंऽऽ असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर वाजवा. तेवढ्यानं बहुतेक वेळा जातो. न गेल्यास साउंडवाल्या दादांकडे डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावायची, घूं तोडणारी डबी) मागा, त्यांच्या पेटाऱ्यात असतो. लॅपटॉपचा आवाज ८० टक्क्यांवर ठेवून कमी-जास्त करायचं ते मिक्सरवरून करायला सांगा.

ढोल-ताशाचं पथक शेजारी वाजत असेल त्या वेळी भूप लावू नका, काही उपयोग नाही. वेळ आधी ठरवून घ्या.

गेमपॅडची वायर पायात येते, म्हणून लॅपटॉपच्या टेबलाच्या पायाला चिकटपट्टीनं बांधा. वायफाय बंद करा, विंडोजचे सूचनांचे आवाज बंद करा आणि अपडेट पुढे ढकला. तुम्ही मंद्र सप्तकात शांतपणे सा धरलेला असताना मोठ्या स्पीकरवरून बॅटरी संपत आल्याचा टिंग वाजला की पहिल्या रांगेतली पोरं पुढचा सगळा राग हसत काढतात.